रामभाऊंची खरी तिथी

बाहेर धुळीचं वादळ घोंगावत होतं आणि कुवेत सिटीतल्या त्या सरकारी कचेरीत एसीनं हुडहुडी भरत होती. कौमुदी ओढणी खांद्यांभोवती लपेटून खिडकीपाशी उभी होती. पलीकडच्या कारकून झुलेखाबाईंनी मान हलवली. "बुक्रा." म्हणजे उद्या या.

"उद्या नाही, आजच," कौमुदी मराठीत पुटपुटली.

"आज त्या ऐकायच्या नाहीत. चहाची वेळ झालीय त्यांची."

ती गर्रकन वळली. मित्राच्या बाळाचा जन्मदाखला हातात घेऊन एक उंच तरुण उभा होता… डोळ्यांत हसू.

"तुम्ही आमच्या कीर्तनातले पेटीवाले ना?"

"परीक्षित. आणि तुम्ही पुढे बसून बुवांच्याही आधी पद सुरू करणाऱ्या."

कौमुदीच्या गालांवर ऊन चढलं. अब्बासियाच्या वस्तीत दर शुक्रवारी खिडक्या लावून कीर्तन रंगायचं. हॉस्पिटलची ड्युटी संपवून ही परिचारिका तिथं धावत जायची, आणि गाताना तिचं भान हरपायचं, हे खरंच होतं.

"इथं काय शोधताय?" त्यानं विचारलं.

"पणजोबा."

मग तिनं सगळं सांगितलं. रामभाऊ देवगडचे, फिटर. बावन्न साली तेलाच्या कामावर इथं आले आणि परतले नाहीत. गेल्याची बातमी त्याच साली एका गाववाल्यानं तोंडीच आणली. पण गाव कुजबुजलं… मेला कसला, तिकडे दुसरं घर मांडलं असेल. तेव्हा आठ वर्षांचे असलेले आजोबा आज ऐंशीच्या पुढे होते. दर कार्तिकात वडिलांचं श्राद्ध घालताना त्यांना एकच शंका छळायची. माणूस खरंच गेलाय ना?

"जुन्या मृत्युनोंदी इथं आहेत. पण बाई महिना विचारतात, सबंध वर्ष उलटत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्ही पाहिले. नाव नाही. म्हणून काही मी घरी जायची नाही."

"तुम्हाला घरी पाठवायची कुणाची हिंमत आहे?"

पुढच्या गुरुवारी तो फहाहीलच्या कामावरून थेट तिथं हजर. त्याच्या पुढच्याही. अरबी त्याला छान यायचं. झुलेखाबाई आता त्याच्याकडे बघून हसायच्या, आणि कौमुदीला ते उगीचच खुपायचं.

"फारच गोड बोलता त्यांच्याशी."

"तुमच्या पणजोबांसाठी हो. माझा काय स्वार्थ?" मग हळूच, "म्हणजे… थोडा आहे."

ती कडक चहाच्या कपात बघत राहिली.

एकदा तो एकाएकी म्हणाला, "कार्तिकातच श्राद्ध का पण?"

"बातमी कार्तिक वद्यात आली ना. तीच तिथी धरली. गेल्याचा दिवस ठाऊक नसला की तसंच करतात."

"म्हणजे ती ऐकल्याची तिथी. गाववाला काम संपवून, बोट मिळाल्यावर निघाला असणार. कौमुदी, आपण ऑक्टोबरच्याही मागे जायला हवं."

घरातली सगळी जन्मभर ती तिथी पाळत आली, आणि पाळता पाळता तीच गेल्याची तिथी होऊन बसली होती.

झुलेखाबाईंनी कुरकुरत सप्टेंबर काढला. पानं उलटली… आणि बोट थांबलं. रामभाऊ, हिंदी म्हणजे भारतीय, फिटर. विषमज्वर. पितृपंधरवड्यातली तारीख. कामाला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं.

कौमुदीनं तिथूनच देवगडला फोन लावला. ती नोंद वाचून दाखवली.

"म्हणजे बाबा आम्हाला टाकून गेले नव्हते," आजोबा म्हणाले. मग रडत रडतच, "पोरी, आता मी निवांत हात जोडीन."

तिनं डोळे पुसले. परीक्षित जरा दूर, खिडकीबाहेर बघत उभा होता.

"काम झालं तुमचं," तो म्हणाला. "आता गुरुवारी मी… कुठल्या निमित्तानं येऊ?"

"सुट्टीत देवगडला जातेय. आजोबा विचारतील, मदत कुणी केली. काय सांगू, कोण म्हणून?"

"कोण म्हणून… सांगाल?"

"इतके महिने मी शोधलं. एवढं एक तुम्ही शोधा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. या वेळी डोळ्यांत थट्टा नव्हती.

"सापडलंय केव्हाच," तो म्हणाला. "त्यांचा नातजावई म्हणून सांग."

'सांगा' नाही, 'सांग'. कौमुदीनं आजोबांचा नंबर पुन्हा लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"तूच सांग."