येते हां

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण वनमाला मावशी खोटं बोलत नाही, यावर आहे. म्हणून हे सांगतोय.

साल १९८६. मुलुंड. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली.

स्टेशनपासून जरा आत एक जुनी धर्मशाळा होती. कुणा शेटजीने कधीकाळी वाटसरूंसाठी बांधलेली. दगडी भिंती, पुढे लांब ओटा. कित्येक वर्षं बंद होती. कौलं खाली आली होती, भिंतीतून पिंपळ उगवला होता. लोक तिथे कचरा टाकायचे आणि नाक दाबून पुढे जायचे.

शेवटी आजूबाजूच्या चाळींनीच मनावर घेतलं. संपानंतर गिरणीतले कितीतरी हात रिकामे होते. कुणी कौलं चढवली, कुणी चुना लावला. बघता बघता ती पडकी वास्तू बोलायला लागली. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांचा शिवणवर्ग, संध्याकाळी पेपर वाचायला म्हातारी मंडळी. शेजारची उत्तरा तिथेच शिकून ब्लाउज शिवायला लागली, घराला हातभार लागला. लोक तिथे बारशीसुद्धा करायला लागले.

किल्ली मावशीकडे असायची. कारण तिला घरी जायची घाई नसायची.

काका वारले होते. मुलगा चंद्रप्रकाश मस्कतला गेला. दारात "आई, येतो" म्हणाला, तो गेलाच. पत्रंही हळूहळू आटली. खोली तिला खायला उठायची. धर्मशाळेत मात्र दिवसभर कुणी ना कुणी 'मावशी' म्हणून हाक मारायचं. तेवढ्यावर बाई तग धरून होती.

दिवेलागणीला सगळे गेले, की ती केर काढायची, दिवा मालवायची, कुलूप लावायची. आणि सवयीने रिकाम्या वास्तूला म्हणायची, "येते हां."

आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत ना.

एका संध्याकाळी तिने कुलूप लावलं. "येते हां" म्हणाली.

आणि आतून...

"ये."

बाईचा आवाज. म्हातारा, थकलेला.

कुणी आत राहिलं की काय, म्हणून मावशीने घाईने दार उघडलं. दिवा लावला. शिवणयंत्रांवर कापड टाकलेलं. फळ्यावर पोरांची अक्षरं. माणूस कुणीच नव्हतं.

फक्त ओट्याकडच्या खिडकीखाली एक सतरंजी अंथरलेली होती...

ती तर तिने मघाशीच घडी करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग रोजच.

"येते हां."

"ये."

मावशी घाबरली नाही. उलट तिला बरं वाटायला लागलं. निघताना 'ये' म्हणणारं कुणीतरी होतं. पुढे पुढे तर ती सतरंजी तीच अंथरून ठेवायला लागली.

पण बालवाडीतली पोरं खिडकीखाली बसेनात.

तिथे आजी बसलीय, म्हणायची.

एकीने ऐकलं, दुसरीने त्याला तिखटमीठ लावलं. शिवणवर्गाच्या बायका गळायला लागल्या. म्हातारे पेपर घरी नेऊन वाचू लागले. असंच चाललं तर धर्मशाळेला पुन्हा टाळं लागणार, हे दिसत होतं. मग मावशीला तिची ती खोली, आणि खोलीला मावशी.

ती शांताबाईकडे गेली, सगळं सांगितलं. शांताबाई त्या भागातली सगळ्यात जुनी, बोलायला फटकळ.

ती म्हणाली, "लय वर्षं झाली. एक पोरगा आईला त्या ओट्यावर बसवून गेला. 'बस, येतो' म्हणाला. ती तिथंच मेली गं, रस्त्याकडे बघत. आणि तू रोज तिला तेच ऐकवतेस? मग ती कशाला हलतेय? सरळ 'जाते' म्हण. सुटू दे तिला."

'जाते' हा शब्द मावशीच्या तोंडून जन्मात निघाला नव्हता. आणि वाट बघणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण पोरांची बालवाडी मोडून चालणार नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने कुलूप लावलं. कपाळ दाराला टेकवलं.

"जाते गं बाय. माझी वाट बघू नकोस."

आतून काहीच आलं नाही.

ती थांबली. तरी काही नाही. मावशीला रडू फुटलं. डोळे पुसत ती पायऱ्या उतरली.

आणि मागून...

दाराआडून नव्हे. ओट्यावरून. अगदी पाठीशी...

"मग मी येते."

त्या दिवसापासून धर्मशाळेत काही नाही. पोरं खिडकीखाली बसून पाढे म्हणतात. शिवणवर्गाला यंत्रं अपुरी पडतात. सगळं झकास चाललंय.

मध्यंतरी मी मावशीकडे गेलो होतो. चेहऱ्यावर चांगलं तेज आलं होतं. चहा गाळताना तिने तीन कप मांडले. आम्ही दोघंच होतो.

निघताना चपला घातल्या आणि म्हणालो, "येतो गं मावशी."

"ये," मावशी म्हणाली.

मी दार ओढून घेतलं. जिन्याकडे वळलो...

"ये."

हा आवाज मावशीचा नव्हता.

मी अजून परत गेलेलो नाही. पण 'येतो' म्हणून आलोय. आणि आता तिथे वाट बघणाऱ्या दोघी आहेत.