भरतीला सोडलेलं

त्या दिवशी संचूला शाळेतून घरी आणलं कोणी?

सूरजनं हे सगळ्यांना विचारून पाहिलं. पटेल असं उत्तर कुणीच दिलं नाही.

तो दिवस म्हणजे दिवाळीनंतरचा मंगळवार. सूरजचा मोठा भाऊ रत्नदीप खोपटच्या एका गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचा. सकाळी मुलीला शाळेत सोडून कामावर जायचा, दुपारी सायकल मारत कोपरीला परतायचा, तिला घरी आणून चार घास पोटात ढकलायचा आणि पुन्हा निघायचा. त्या मंगळवारी गाडीला रंग मारता मारता छातीवर हात ठेवून तो खाली बसला, तो उठलाच नाही. फोन आला तशी रचनावहिनी पायांत चपला न घालता धावली. सूरज दिवा गावात पाण्याच्या टँकरवर काम करायचा, तो तिकडून धावला. चाळीतली माणसं धावली. हॉस्पिटलातल्या रडारडीत शाळा कधी सुटून गेली, ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

रत्नदीपला घेऊन सगळे चाळीत आले, तर सात वर्षांची संचिता घरातच होती. गणवेश बदललेला, तोंड धुतलेलं, खाटेवर पाय हलवत चणे खात बसलेली. आणि तिचं दप्तर भिंतीवरच्या वरच्या खिळ्याला टांगलेलं. तो खिळा रत्नदीपनं स्वतःच्या उंचीला मारलेला. वहिनीचा हात तिथवर पोचायचाच नाही, सूरजलाही टाचा उचलाव्या लागायच्या.

वहिनीला वाटलं, सूरजनं आणलं असेल. सूरजला वाटलं, शेजारच्या कमळाबाईनं. कमळाबाई म्हणाली, मी तर तुमच्यासोबतच होते. शेवटी सूरज शाळेच्या गेटवर गेला. तिथला वॉचमन सीताराम उलट त्याच्यावरच उखडला.

"परक्याच्या हातात मी पोर देतो काय? तूच तर आलेलास."

"मी नव्हतो."

"अरे, चेहरा तुझाच. जरासा उंच वाटला एवढंच."

सूरजनं त्याची गचांडी धरली. चार माणसांनी सोडवलं तेव्हा कुठे सुटली.

खुद्द संचूला विचारलं, तर ती चणे चावत म्हणाली, "पप्पांनी." वहिनीनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर घरात हा विषय कधी निघाला नाही.

अस्थी मीठबंदरच्या खाडीत सोडल्या, त्या सूरजनं. बुद्धवंदना झाली होती, पाणी काठाकडे चढत होतं. कुणीतरी म्हणालं, जरा थांब, पाणी फिरू दे. पण थांबणं सूरजला जन्मात जमलं नव्हतं. पाचवीत शाळा सोडली तीही अशीच, अर्धा पेपर बाकावर टाकून. त्यानं मडकं रिकामं केलं आणि मागे वळून न बघता निघून आला.

कमळाबाईला हे कळलं, तेव्हा ती कोलंबी सोलत होती. तिचं सगळं आयुष्य या खाडीच्या काठावर गेलेलं.

"भरतीला सोडलास?" तिचे हात थांबले. "भरतीला सोडलेलं खाडी ठेवून घेत नाही, पोरा. परत आणून टाकते."

"मावशी, आमच्यात हे मानत नाहीत," वहिनी आतून म्हणाली.

"नका मानू. पण कोण काय मानतो, हे खाडीला कुठे ठाऊक?"

जानेवारीत वहिनीला वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं काम लागलं. सकाळची शिफ्ट. आदल्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ती म्हणाली, "उद्यापासून संचू एकटी जाईल शाळेत."

"मी आहे ना! मी सोडतो."

"आज आहेस. उद्या डोक्यात काही आलं की तू कुठे असशील, तुझं तुला तरी ठाऊक असतं का? टँकरचं काम सोडलंस, तेव्हा विचारलेलंस कुणाला?"



वहिनीचा आवाज खाली आला. "तिला एकटीनं यायला-जायला यायलाच हवं रे. किती दिवस कुणाच्या तरी बोटाला धरून चालणार? फक्त उद्याचा दिवस तू मागून जा. लांबून. तिला दिसू नकोस."

खाटेवर संचू वहीत रंग भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "काका सोबत नकोच. काका मनगट पकडतो, दुखतं. पप्पा नुसतं बोट देतात."

देतात. तव्यावरची भाकरी करपली, तरी वहिनीनं ती उलटली नाही.

सकाळी खाडीवरून धुकं आलं होतं. कोपरीत ते दरवर्षी येतं, पण त्या दिवशी ते सायीसारखं गल्ल्यांत बसलं होतं. समोरच्या इमारती अर्ध्यावरच संपत होत्या. उभ्या रिक्षांच्या काचा आंधळ्या झाल्या होत्या. दुधाच्या क्रेटचा आवाज जवळून यायचा आणि दूधवाला दिसायचाच नाही. वहिनी कामावर गेली होती. संचूनं दप्तर पाठीवर घेतलं, पाण्याची बाटली गळ्यात अडकवली आणि मोठ्या बाईसारखं "येते हं" म्हणून ती जिना उतरली. सूरज थोडं अंतर ठेवून निघाला.

ती मजेत चालली होती. चालता चालता काहीतरी सांगत होती. शाळेत म्हणायची कविता असेल, असं सूरजला वाटलं. पण मधेच थांबायची, ऐकल्यासारखी मान तिरकी करायची आणि हसायची. चालत होती भिंतीच्या कडेनं. गाड्यांच्या बाजूला एका माणसापुरती जागा सोडून…

गटारावरची फरशी फुटली होती. तिथे ती अडखळली नाही. उडी मारली आणि अलगद पलीकडे उतरली, कापूस उतरावा तशी. एवढी लांब उडी तिच्याच्यानं झाली नसती.

मग सूरजला दप्तर दिसलं.

दप्तराला वर एक पट्टी असते, उचलायला. रत्नदीपची सवय होती, शाळेत जाताना त्या पट्टीत मागून एक बोट घालायचा आणि दप्तराचं ओझं स्वतःवर घ्यायचा. पोरीच्या खांद्यावरचे बंद सैल व्हायचे, ती मोकळी चालायची. लहानपणी सूरजचं दप्तरही त्यानं असंच नेलं होतं.

संचूच्या खांद्यांवरचे बंद सैल होते. दप्तर पाठीपासून बोटभर सुटलेलं. आणि वरची पट्टी… ताठ उभी होती.

धुक्यात थिनरचा वास आला. रंगाच्या डब्यातून यावा तसा, उग्र, ओळखीचा. सूरजच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला भीती वाटायला हवी होती, पण स्वप्नात वाटते तेवढीच वाटली. बाकी सगळी नुसती ओढ. असंच चालत राहावं, हा रस्ता संपू नये, दादा पुढे आणि आपण मागे, असं त्याला वाटत राहिलं.

रस्ता फुटतो तिथे ते आले. डावीकडे शाळा, घंटेचा आवाज येईल इतकी जवळ. उजवीकडे मीठबंदर, खाडी.

संचू उजवीकडे वळली.

सूरजची गुंगी खाडकन उतरली. तिकडे पुढे घरं नव्हती. धुकं, चिखल, त्यापलीकडे चढणारं पाणी. हवेला खारट वास होता.

"संचू!" त्यानं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. चालणं थोडं भरभर झालं.

"संचू, थांब!"

नाही. आणि मग विचार न करताच, लहानपणी मारायचा तशी, पोटातून हाक आली.

"दादा!"

संचू थांबली. पट्टी तशीच उभी होती.

सूरज धापा टाकत जवळ गेला. "कुठे चाललीस गं?"

"फ्लेमिंगो बघायला." ती अजिबात घाबरली नव्हती. "पप्पा म्हणालेले ना, थंडीत दाखवेन. तिथे आता पप्पांचं घर आहे. खूप पाणी आहे म्हणाले, पण लागत नाही." तिनं कानाला हात लावला. "किती थंड हवा येते ना काका, ते बोलले की."

सूरजनं तिच्या डोक्यावरच्या रिकाम्या धुक्याकडे पाहिलं.

"दादा…" तो कुजबुजला. "हिला नको रे नेऊस. वहिनीला काय सांगू मी?"

काही हललं नाही.

"मीच चुकलो. पाणी फिरेपर्यंत थांबायला हवं होतं, नाही थांबलो. पण हिला चालता येतं, बघ तरी. बघायचं तर लांबून बघ ना. मी बघत होतो तसं."

मग सूरजनं हात पुढे केला आणि पट्टीत बोट घातलं. आत जागा कमी होती. त्याच्या बोटाला लागून कुणाचं तरी बोट होतं. गार, ओलं, बर्फाच्या लादीवरून काढलेल्या माशासारखं. त्यानं हात मागे घेतला नाही.

"मी धरतो, दादा," तो म्हणाला. "तू सोड."

आणि दप्तराचं सगळं ओझं एकदम त्याच्या बोटावर आलं. एवढंसं दप्तर, पण त्याचा खांदा खाली ओढला गेला. तो तसाच उभा राहिला. रडत होता, हे त्याला संचूच्या चेहऱ्यावरून कळलं.

"काका, सोड ना आता. शाळा भरेल माझी."

आपल्यालाही सोडावं लागणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं बोट काढून घेतलं. बंद खांद्यात रुतले, संचू क्षणभर मागे झुकली, मग पुढे वाकून तिनं तोल सांभाळला. "जड आहे हं," ती कुरकुरली. आणि डावीकडे, शाळेच्या रस्त्यानं, एकटी चालू लागली. गेटपाशी सीतारामनं तिला आत घेतलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. सूरज धुक्यात उभा होता आणि त्याच्या उजव्या खांद्याला थंडी वाजत होती. फक्त उजव्या.

घरी येऊन त्यानं हातोडी शोधली. वरच्या खिळ्याच्या बरोबर खाली, संचूचा हात पोचेल अशा उंचीवर, नवा खिळा मारला. वरचा त्यानं काढला नाही.

दुपार झाली तसा तो उंबऱ्यावर येऊन बसला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. पाय सारखे उठायला बघत होते. समोर कमळाबाई लसूण सोलत होती.

"काय रे, अंडी उबवतोस काय?"

"संचू एकटी येतेय, मावशी."

"मग येईल की. तू काय असा बसलायस, तुलाच कुणी शाळेत घालणार असल्यासारखा."

तो हसला. खूप दिवसांनी हसला. पण उठला मात्र नाही, तिथून हललाही नाही. कमळाबाई सगळा वेळ त्याच्या समोर होती.

जिन्यावर छोटी पावलं वाजली. संचू आली. गाल लाल, वेणी सुटलेली, सगळी मिरवणूक एकटीनं काढून आल्यासारखी. ती तडक आत गेली, खालचा खिळा बघून "माझा?" म्हणाली, आणि दप्तर स्वतःच टांगलं. मग बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून काकासमोर उभी राहिली.

"खोटारडा!"

"मी काय केलं?"

"एकटीनं यायचं ठरलेलं, आणि आत्ता शाळेपासून मागेमागे आलास ना? मी दुकानाच्या काचेत बघितलं. मी थांबले की तू पण थांबत होतास." मग जरा विचार करून म्हणाली, "पण लांबूनच आलास. हात नाही लावलास. म्हणून माफ."

कमळाबाईच्या हातातली लसणाची पाकळी खाली पडली. तिनं सूरजकडे पाहिलं.

थिनरचा वास आला, अगदी पुसट. सूरजनं संचूच्या मागे, व्हरांड्याच्या लादीवर पाहिलं. बाहेर कडक ऊन होतं, संचूचे बूट कोरडे होते. पण जिन्यापासून दारापर्यंत खाडीच्या राखाडी चिखलाची पावलं उमटली होती. मोठी, पुरुषाची. उंबऱ्यापासून हातभर अलीकडे येऊन ती थांबली होती. परत गेलेलं एकही नव्हतं.

संचू मागे वळायला लागली. सूरजनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्याकडे फिरवला. ज्या गोष्टीसाठी त्यानं सीतारामची गचांडी धरली होती, जी तो दिवाळीपासून प्रत्येकाशी भांडून नाकारत आला होता, ती त्यानं आता आपल्या अंगावर घेतली.

"हो गं," तो म्हणाला. "मीच होतो."