शेवटच्या रांगेतला मुनी

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्येच अडकली तेव्हा तिच्या काखेत चार्टपेपरची भलीमोठी सुरळी होती आणि नऊ वाजायला जेमतेम सात मिनिटं उरली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचीच लिफ्ट! आता याला काय म्हणावं?

"आत किती जण आहात?" वरून एक शांत आवाज आला.

"एकटीच आहे. आणि नऊला माझा वर्ग आहे!"

"मेन स्विच बंद करून येतो. दाराला हात लावू नका."

"अहो, नुसतं ओढा ना ते दार..."

पण पावलं लांब गेली होती. मग तीच पावलं अगदी निवांत परत आली. दार सरकलं आणि एक काळाकुट्ट, ग्रीसने माखलेला हात खाली आला. मग काय वाटलं कोण जाणे, तो वर गेला, फडक्याला पुसला गेला आणि मगच पुन्हा खाली आला. चिडलेल्या तिलाही हसू फुटलं.

"घाबरलात?" तिला वर घेत त्याने विचारलं.

"नाही. चिडलेय."

"बरं," तो म्हणाला आणि नुसत्या डोळ्यांनी हसला.

दहा मिनिटांनी तोच शेवटच्या रांगेत येऊन बसला. तिच्या बावीस विद्यार्थ्यांपैकी एक! सगळे त्याला 'मुनी' म्हणत, कारण तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायचा. चार शनिवारांत या कारागिरांना सुरक्षेचे नवे नियम शिकवायचे होते. तिने पडद्यावर नियम दाखवले, वाचले, समजावले. अकरा वाजता पहिल्या रांगेतले काका चक्क घोरायला लागले. दाराच्या काचेतून प्रशिक्षण विभागाचे साहेब बघत होते. दुपारी त्यांनी तिला सरळच सांगितलं, "पुढचा शनिवार असाच गेला तर वर्ग बंद."

ती पायरीवर एकटीच डबा उघडून बसली. मुनी दोन पायऱ्या सोडून बसला.

"तुम्ही तरी जागे होतात, आभार," ती फणकारली.

"एक सांगू? काकांनी तुमच्या वयाइतकी वर्षं हे काम केलंय. त्यांना तुम्ही सांगताय. विचारत का नाही?"

तिला ते झोंबलं. चांगलंच झोंबलं. पण आठवडाभर तिने त्याच एका वाक्याशी झटापट केली आणि ठरवलं, वर्ग बंद पडू द्यायचा नाही.

दुसऱ्या शनिवारी खुर्च्यांच्या रांगा मोडून तिने गोल केला. पडदा गुंडाळून ठेवला. चार-पाच जणांचे गट केले, प्रत्येक गटापुढे मोठा कागद अंथरला. "लिफ्टचा शाफ्ट काढा, खालपासून वरपर्यंत. आणि जिथे कधी तुमच्या पोटात गोळा आला असेल, तिथे लाल ठिपका द्या."

कोणी हलेना. मग काका उठले, गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि एक ठिपका दिला. "इथे. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं."

त्यानंतर दुपारच्या जेवणाचीही कोणाला आठवण राहिली नाही. प्रत्येक ठिपक्याची एक गोष्ट होती आणि नियम त्या गोष्टींमधूनच निघाले. वर्ग वाचला. मुनीने मात्र त्याच्या गटाच्या कागदावर एकही ठिपका दिला नव्हता.

तिसऱ्या शनिवारी तिने प्रसंग करायला दिले. काका झाले घाईतले उस्ताद, मुनी त्यांचा मदतनीस.

"दोन मिनिटांचं काम आहे रे! स्विच कशाला बंद करतोस? घाल हात!"

मुनीने त्यांना अडवायचं होतं. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो तडक बाहेर गेला. बाकीच्यांना जोड्यांमध्ये बोलायला सांगून ती त्याच्यामागे धावली.

तो जिन्यात कठड्याला धरून उभा होता. "चार वर्षांपूर्वी माझ्या उस्तादांनी हेच शब्द वापरले होते," तो म्हणाला. "दादा म्हणायचो मी त्यांना. मी गप्प राहिलो. त्यांची तीन बोटं गेली. त्यांच्या दारात पाऊल टाकायची हिंमत नाही होत."

त्याचे डोळे पुसायला पदर पुढे करावा, असं तिला आतून फार वाटलं. पण ती म्हणाली, "आत बावीस... नाही, एकवीस जण बसलेत. त्यांच्यापैकी उद्या कोणीतरी असाच गप्प राहील. याल?"

तो आला. पहिल्यांदा "थांबा" म्हणाला ते त्यालाही ऐकू गेलं नसेल. काकांनी दरडावलं. दुसऱ्यांदा आवाज फाटला. तिसऱ्यांदा मात्र भिंतीवर लावलेले ठिपक्यांचे कागद थरथरले. काकांनी त्याला मिठीच मारली.

संध्याकाळी तो तिला कागद गुंडाळायला मदत करत होता. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. गुंडाळता गुंडाळता हात हाताला भिडले. दोघांपैकी कोणीच सोडेना...

"हे बघा," तीच हात काढून घेत म्हणाली, कान लाल झाले होते तरी. "चौथ्या शनिवारी तुमची परीक्षा आहे. बुधवारी मी निकालावर सही करेन. तोवर मी तुमची शिक्षिका आहे."

"आणि बुधवारनंतर?"

"बुधवारनंतर बघू."

"नापास केलंत तर पुन्हा चार शनिवार मिळतील ना?"

"लबाड! मुनी कोण म्हणतं हो तुम्हाला?"

बुधवारी बावीसही जण पास झाले. साहेबांनी पुढचे तीन वर्ग तिलाच दिले. सही करून ती रस्त्यावर आली, तर तो फाटकापाशी इस्त्रीचा शर्ट घालून उभा.

"काल दादांकडे गेलो होतो," तो म्हणाला. "माफी मागितली. ते रडले, मीही रडलो. मग म्हणाले, चार वर्षं वाट बघत होतो रे तुझी. कोणी शिकवलं तुला बोलायला?"

"मग?"

"म्हटलं, घेऊन येतो तिला."

"मला न विचारताच?"

"आत्ता विचारतोय ना... याल?"

तिने पर्सचा बंद उगाचच सारखा केला. "येईन. पण कोण म्हणून? शिक्षिका तर आता राहिले नाही."

त्याच्या कपाळावर घाम फुटला. पण नजर हलली नाही. "जिच्याशी मला लग्न करायचंय, ती म्हणून."

समोरून एक बस गेली, तिच्या मागून दुसरी गेली. मग त्याच्या शेजारी येऊन, रस्त्याकडे बघत तिने विचारलं,

"दादांचं घर कुठल्या बाजूला आहे?"

"डावीकडे. पण आत्ता लगेच—"

ती केव्हाच डावीकडे वळून चालू लागली होती.