नवसीचा सांगावा

दार लोटून घे रे मनीष, वारा येतोय. मासवणच्या आतल्या अंगाला एक पाडा आहे. तिथला चिंतू माझ्याबरोबर बोईसरला हमालीला होता. त्याच्यावर बेतलं ते सांगतो.

गेल्या वाघबारशीची, दिवाळीच्या तोंडावरची रात्र. उशिरा पिकणारं गरवं भात उभं होतं, आणि रानडुकरं एकदा शिरली की वर्षाचं पोट एका रात्रीत तुडवतात. म्हणून चिंतूनं घरच्या ओटीवरच्या बोर्डावरून शेताभोवती विजेची उघडी तार फिरवली. गुन्हाच तो. पण पाड्याचा एक नेम आहे. तार लावली की अंधार पडता पडता घरोघर जाऊन सांगायचं.

आदल्या वर्षी त्यानं एकच घर गाळलं होतं. शेजारच्या नवसीचं. आपल्या पेंढ्या तीच पळवते, असा त्याला वहीम. सांगितलं तर बटण बंद करून भात कापून नेईल, हा त्याचा हिशेब. पहाटे नवसी तारेवर मरून पडलेली सापडली. "मी सांगलेला, तिनंच आयकला नाय," असं हा मेला देवाशपथ बोलला. मला अजून त्याचा राग येतो.

तर त्या रात्री डुकरं लवकर उतरली, म्हणून बटण दाबूनच तो सांगायला निघाला. पहिल्या दारात म्हणाला, "तार लावलीय, बांधावर जाव नका."

"कळला रे. आताच सांगून गेली ती बाई."

"कोन बाई?"

"अंधारात तोंड नाय दिसला. डोईवर पदर व्हता."

चिंतूची बायको सोमी माहेरी होती, उद्या यायची होती. मग त्याच्यासाठी दारोदार कोण फिरणार? दुसऱ्या दारी तेच उत्तर. तिसऱ्या दारीही तेच.

शेवटच्या घरची म्हातारी मैनाबाई म्हणाली, "आमाला सांगला तिनं. तुज्या सोमीला पन सांगला आसंल ना? आताच माहेरून आली... तुज्याच बांधानं गेली."

चिंतू धावत सुटला.

आधी घर. बटण बंद.

मग शेत.

"सोमी!"

...

"सोमे, ओ दे गं..."

रातकिडेही गप्प होते.

बॅटरीच्या उजेडात बांगड्या दिसल्या. मग हात. तारेवरच...

सकाळी पाड्यातल्या एकेका उंबऱ्यावर चिखलाचं एक अनवाणी पाऊल उमटलेलं होतं. बाईचं. चिंतूचा उंबरा तेवढा कोरडा होता.