उतरवलेल्या तारा

वाद्य बनवणं एकवेळ जमेल, पण ते धडपणे दुसऱ्या गावी पोचवणं हे खरं कसब, असं ताई म्हणायच्या. म्हणताना हसायच्या नाहीत. धुलाईच्या दुकानावरच्या माडीवर त्यांचं एका खोलीचं दुकान होतं. खालून दिवसभर वाफेचा आणि साबणाचा वास यायचा, वर सरसाचा वास असायचा, आणि या दोन वासांच्या मध्ये बसून ताई मोडक्या वाद्यांच्या माना जोडायच्या. त्यातल्या निम्म्या पार्सलात मोडलेल्या असत. मग पार्सल कंपनीला फोन. तिकडे आधी एक गोड चाल वाजायची, मग एक गोड बाई थांबायला सांगायची, आणि मग पुन्हा तीच चाल. ताईंचा कान त्या चालीला विटला होता. घरी जावं तर अंथरुणाला खिळलेली आई दर थोड्या वेळाने विचारायची, दार लावलंस का? लावलंय, आई. न बघताच सांगायच्या ताई. किती वेळा उठून बघणार?

एका दुपारी म्हातारे मास्तर जिना चढून वर आले. मागे हमालाच्या पाठीवर चेलो होता, व्हायोलिनचा माणसाएवढा थोरला भाऊ. मास्तरांची बायको थंडीत गेली. आयुष्यभर चेलो वाजवायची आणि शिकवायची. तिला सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. चेलो आपल्या आवडत्या शिष्येला द्यावा, असं तिने सांगून ठेवलं होतं. शिष्या राहायची लांबच्या गावात. गज मात्र मास्तरांनी स्वतःजवळ ठेवून घेतला होता. एवढं तरी घरात राहू दे, म्हणाले.

जाताना ते दारात अडखळले.

“तारा उतरवू नका,” ते म्हणाले. “तिला आवडायचं नाही.”

ताईंनी त्यांना समजावलं. गाडीत ऊन लागतं, गारठा लागतो, लाकूड फुगतं, आखडतं. ताणलेल्या तारा तशाच ठेवल्या तर मान काडीसारखी मोडते. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात पटल्यापेक्षा थकल्याचीच खूण जास्त होती.

ते गेल्यावर ताईंनी खुंट्या फिरवून चारी तारा उतरवल्या. अगदी सैल नाही; सगळा ताण गेला तर तारांखालची घोडी निसटते आणि पोटात उभी असलेली बारीक दांडी कोलमडते. घोडीच्या दोन्ही बाजूंना फोमचे तुकडे, मानेखाली मऊ कापडाची उशी. मग कडक पेटी, पेटीला बबल रॅपची गोधडी, आणि ती एका दांडग्या खोक्यात, सगळीकडून वीतभर जागा सोडून, तीही फोमने भरून. चिकटपट्टीच्या प्रत्येक जोडावर ताईंनी आडवी सही केली, म्हणजे वाटेत कुणी उघडलं तर लपून राहणार नाही. ‘नाजूक’ असं लिहिलं नाही. ते लिहिलं की हमाल मुद्दाम आपटतात, असा त्यांचा अनुभव होता.

पार्सल न्यायला वादळ आला. पार्सल कंपनीच्या या ड्रायव्हरला सगळे वादळ म्हणत, कारण तो गोगलगायीच्या चालीने गाडी हाकायचा. उशिराच यायचा, पण ताईंना नाजूक माल त्याच्याच हाती द्यायला आवडायचं.

काही दिवसांनी खोका परत आला. पत्ता अपूर्ण, असं कारण होतं. पत्ता पूर्ण होता. ताईंनी फोन लावला, ती चाल ऐकली, थांबल्या, पुन्हा ऐकली आणि फोन ठेवून दिला. आत काही हललं-बिललं तर नाही ना, म्हणून खोका उघडला. सह्या जशाच्या तशा होत्या. पेटी उघडून त्यांनी सहज तारेवर बोट मारलं आणि हात मागे घेतला.

तार ताणलेली होती. चारी तारा ताणलेल्या होत्या, नीट सुरात मिळवलेल्या. फक्त सगळ्यांत बारीक तार कणभर उतरलेली होती.

आपणच उतरवायला विसरलो, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्या आठवड्यात आई रात्र रात्र जागवत होती, आणि अशा अवस्थेत माणूस स्वतःचं नावही विसरतो. त्यांनी तारा पुन्हा उतरवल्या. या वेळी प्रत्येक खुंटीचा मोबाइलवर फोटो काढला, नव्याने सह्या केल्या आणि पत्ता ठळक अक्षरांत लिहिला.

दुसऱ्यांदा खोका परत आला तेव्हा कारणच दिलेलं नव्हतं. वादळाने तो दारातच उतरवला. एरवी पाणी मागून खुर्चीवर फतकल मारणारा माणूस, आज उंबरा ओलांडेना.

“ताई, आत नक्की काय आहे?”

“चेलो. तुला माहितीये की.”

“वाजवायची ती काठी... आहे आत?”

“गज? नाही. तो मालकांकडेच आहे.”

वादळाने खोक्यापासून एक पाऊल मागे घेतलं. मग हळूहळू त्याने सांगितलं. गोदामातल्या लोकांनी हा खोका बाहेर अंगणात नेऊन ठेवला होता. कुणीच त्याच्या शेजारी काम करायला तयार नव्हतं. गाणं-बिणं वाजत नाही त्यातून, म्हणाला. नुसतं कुणी तारा लावत बसल्यासारखं. एक तार, मग दुसरी. मग थांबतं. ते थांबणंच सोसवत नाही, म्हणाला, कुणीतरी आपल्या तोंडाकडे बघत बसल्यासारखं वाटतं.

तो गेल्यावर ताईंनी पेटी उघडली. आतून वास आला. लाकडाचा नव्हे, थंडीत फुटलेल्या हातांना चोळतात तसल्या मलमाचा, ताजा. तारा मिळवलेल्या होत्या. मोबाइलमधल्या फोटोत खुंट्या एकीकडे वळलेल्या, पेटीत दुसरीकडे. बारीक तार मागच्यासारखीच कणभर उतरलेली.

त्यांनी मास्तरांना फोन केला आणि चेलो तूर्त तुमच्याकडे ठेवता का, असं विचारलं.

“तो गेल्यापासून मला झोप लागतेय हो...” मास्तर म्हणाले. “परत नका आणू. तुमच्या पाया पडतो.”

वडीलधाऱ्या माणसाने असं म्हटल्यावर ताईंनी फोन ठेवला. त्यांनी खोका खोलीतल्या कोपऱ्याकडे सरकवला, पण त्याच्याकडे पाठ करून काम होईना आणि तोंड करूनही होईना. शेवटी त्यांनी वादळाची मनधरणी केली. सुट्टीच्या दिवशी त्याने मेव्हण्याची गाडी मागून आणली. ताई सोबत बसणार, या एकाच अटीवर तो तयार झाला. आईपाशी धाकटी बहीण येऊन राहिली.

निघताना ताईंनी तारा पुन्हा एकदा उतरवल्या. आता सवयीनेच.

दुपारभर काही झालं नाही. रस्ता सरळ होता, दोन्हीकडे कापणी झालेली रिकामी रानं. वादळ मेव्हण्याच्या कंजूषपणाचे किस्से सांगत होता आणि ताई पेंगत होत्या. ऊन कलल्यावर मागे लाकूड करकरलं. ताईंची झोप उडाली, पण डोळे त्यांनी मिटलेलेच ठेवले. तो आवाज त्यांनी हजारांत ओळखला असता. खुंटी फिरत होती.

मग एक तार वाजली. गजाने ओढलेली, लांब, घोगरी. मग शेजारची. मग दोन्ही एकत्र. वादळाचे किस्से थांबले होते. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. गाडीत मलमाचा वास भरत गेला. दोन तारांमध्ये एक बारीक थरथर होती, सूर जुळत नसला की येते ती. ती कमी व्हायची, जवळजवळ संपायची, आणि मग हात भलतीकडे वळायचा. पुन्हा खुंटी. पुन्हा दोन्ही तारा. मग शांतता.

वादळ म्हणाला ते खरं होतं. ती शांतता विचारत होती.

ताईंना भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीच्याही वर त्यांचा तो कान होता, दिवसभर बेसूर तारा ऐकून सोलवटून निघालेला. पुन्हा आवाज झाला, पुन्हा तार उतरलेली, पुन्हा शांतता. आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, दुकानात गिऱ्हाइकाला सांगावं तितक्या सहज.

“अजून थोडी वर.”

वादळाने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाहणं त्यांच्या कायमचं लक्षात राहिलं.

मागे खुंटी कणभर फिरली. दोन्ही तारा वाजल्या, आणि या वेळी थरथर नव्हती. सूर दुधात साखर विरघळावी तसे एकमेकांत विरघळले, बराच वेळ राहिले आणि थांबले. पुढे गाव येईपर्यंत मागून हूं का चूं झालं नाही.

शिष्येने हसतमुखाने दार उघडलं. मध्यमवयीन बाई, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिघांनी मिळून खोका आत घेतला. पेटी उघडली तेव्हा तारा सैल होत्या, ताईंनी दुपारी उतरवल्या होत्या तशाच. शिष्येने त्या मिळवल्या आणि स्वतःच्या गजाने थोडंसं वाजवलं. वाद्य कुठेही दुखावलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. वादळाने इतक्या वेळात पहिल्यांदा पाणी मागितलं आणि खुर्चीवर बसला.

“शेवटची काही वर्षं बाईंना ऐकू येत नव्हतं,” शिष्या गज पुसत म्हणाली. शिकवणं सुटलं, पण रोज संध्याकाळी त्या तारा लावायला बसत. फुटलेल्या हातांना मलम चोळायचं, हाताच्या सवयीने जमेल तितकं लावायचं आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, बरोबर आहे का म्हणून. घरात मास्तर सोडून दुसरं कोण होतं? ते आतल्या खोलीतूनच मान हलवायचे, बरोबर आहे, बरोबर आहे. थकले असतील बिचारे. “पण बाईंना कळायचं, ते ऐकत नाहीत ते.”

ताईंनी चहा अर्धाच घेतला आणि निघू या म्हणाल्या.

येताना रिकामी गाडी वादळाने पहिल्यांदाच नावाला शोभेल अशी हाणली.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात गेल्या नाहीत. अंग आंबून गेलं होतं. दुपारी बहीण आपल्या घरी गेली, आईला झोप लागली आणि ताई ओट्यापाशी भांडी विसळायला उभ्या राहिल्या. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. फ्रिज गुणगुणत होता, नेहमीसारखा. मग तो गचका देऊन बंद झाला, आणि गुणगुण तशीच चालू राहिली.

ताईंचा हात नळाखालीच राहिला.

एक तार. मग शेजारची. दोन्हींच्या मध्ये ती थरथर. त्यांच्या घरात एकही वाद्य नव्हतं. दुकानात दिवसभर तेच, घरी तरी नको म्हणून त्यांनी कधी आणलंच नव्हतं. आवाज थांबला. आता शांतता, आणि त्या शांततेत कुणीतरी वाट बघत होतं. ताईंना वळून बघवेना. ऐकायचं, नीट लावायचं, सांगायचं... आज अंगात एवढंही त्राण उरलं नव्हतं.

“बरोबर आहे,” त्या भांड्यांकडे बघत म्हणाल्या.

बराच वेळ काही झालं नाही. नळ वाहत होता.

मग आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. कित्येक महिन्यांत नव्हता इतका स्वच्छ, शांत.

“खोटं कशाला सांगतेस गं तिला? ती उभी आहे ना इथे... बघतेय तुझ्याकडे.”