ओलओढ

बोरहळ्ळीत पाहुणा आला की रेवण्णा पैज लावायचा. नळाला आज कोणाच्या रानाचं पाणी आलंय ते एका घोटात सांगतो, म्हणायचा. घोट घ्यायचा, डोळे मिटायचा, जिभेवर घोळवायचा आणि जाहीर करायचा, "बसगोंडाचं. वरलं रान." पाहुणा टाकीवर जाऊन खात्री करून यायचा आणि मुकाट चहा पाजायचा. टाकीवरचा माणूस रेवण्णाचा साडू आहे, हे त्याला कोण सांगणार? त्या पाण्याला काडीची चव नाही, हे तरी कोण सांगणार?

चव असणार कुठून? ते विहिरीचं नव्हतं की बोअरचं नव्हतं. बोअर केव्हाच आटले होते आणि नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. गाव पीत होतं ती शेताखालची ओल. काळी माती पाणी धरून ठेवते. वर हात जाईल एवढ्या भेगा पडल्या तरी खाली खोलवर ते कणाकणाला चिकटून असतं. इतकं घट्ट, की मोटार लावून उपसता येत नाही. म्हणून जमिनीत बारीक भोकांच्या नळ्या पुरायच्या आणि त्यांतली हवा खेचून घ्यायची. मग ओल वाफ होऊन नळीत शिरते, आणि वाफ थंड केली की पाणी. सरकारी कागदात या यंत्रणेचं नाव दीड ओळीचं होतं. गाव तिला ओलओढ म्हणायचं.

साऱ्या शिवारात नळ्या होत्या, एक रेवण्णाचं रान सोडून. कारण तिथं बांधाजवळच्या बाभळीखाली इरव्वा होती. लिंगायतांत माणूस गेलं की जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून माती देतात. गावात थट्टेतून एकालाही न सोडणारा रेवण्णा रोज संध्याकाळी बायकोजवळ जाऊन बसायचा आणि दिवसभरात कोणाकोणाला टोप्या घातल्या ते तिला सांगायचा. जिवंत होती तेव्हा ती सगळं ऐकून घ्यायची आणि शेवटी म्हणायची, "लाज न्हाई." आता सगळं सांगून झाल्यावर तो थोडा वेळ थांबायचा. वारा असायचा, बाकी काही नाही.

ओलओढीच्या शास्त्रज्ञ डॉक्टर केतकी बिडवे त्याचं मन वळवायला आल्या. त्याने सरळ सांगितलं, तिथली ओल तिची आहे, तिला राहू द्या. बाईंनी आग्रह केला नाही, पण खरं काय ते सांगून टाकलं. कोरड्या फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं की पाणी वर चढतं ना, तसंच मातीचं. पाणी ओल्या मातीतून कोरडीकडे सरकतं आणि बांधबिंध मानत नाही. शेजारचं बसगोंडाचं रान नळ्यांनी कोरडं झालंय, म्हणजे रेवण्णाची ओल तिकडे निघालीच आहे.

"म्हंजे तिच्याजवळचं पाणी बसगोंडाच्या नळीत?"

"हळूहळू. हो."

"आन् गाव पितंय."

"ती नुसती वाफ असते, रेवण्णा. शुद्ध पाणी. दुसरं काही त्यात येत नाही."

"पाणी तर तिचंच न्हवं?"

केतकीबाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. माणूस निम्म्याहून जास्त पाणीच असतो आणि माती दिल्यावर ते मातीत जातं, एवढं त्यांना मान्य करावं लागलं. "अगदी थोडं असेल," त्या म्हणाल्या.

"बसगोंडाच्या दारात ती कधी उभी न्हाई राहिली, बाई. आन् आता त्याच्या पोटात?"

मग रेवण्णाने रान दिलं, पण एका अटीवर. बाभळीभोवतीची नळी गावच्या टाकीला जोडायची नाही, ती त्याच्या घरच्या माठात सोडायची. बाईंनी नियम थोडा वाकवला.

पहिला तांब्या त्याने बाईंसमोरच प्यायला. चव काहीच नव्हती. तोंड पुसत त्याने विचारलं, हे अंगात टिकतं किती. बाईंना असले प्रश्न फार आवडायचे. घाम, लघवी, श्वास यांतून सगळं निघून जातं, त्या म्हणाल्या, महिन्याभरात अंगातलं जवळजवळ सारं पाणी बदलून जातं. बोलताना, हसताना तर वाफ आणखी जाते, आरसा तोंडासमोर धरून बघा.

रेवण्णाने आरसा धरून बघितला.

पुढच्या वर्षभरात शिवाराची ओल उतरत गेली. बाभळीभोवतीची मात्र उतरेना, आणि केतकीबाईंच्या यंत्रांना कारण सापडेना. गावाला कारण माहीत होतं. रेवण्णा लघवीला बाभळीशिवाय कुठेही जात नव्हता. परगावच्या लग्नात अक्षता पडायच्या आधीच उठून घराकडे पळायचा. बसगोंडा ही गोष्ट चावडीवर साभिनय सांगायचा आणि लोक पोट धरून हसायचे.

मग हसणं थांबलं, कारण उलटी फिरकी घ्यायला रेवण्णा चावडीवर यायचाच बंद झाला. उन्हात जाईना, की कोणाशी बोलेना. काही विचारलं तर उपरण्याचं टोक तोंडावर धरून मान हलवायचा. बाभळीखाली बसायचा, तोही गप्प.

चैत्रात बाई स्वतः आल्या. गाडी लांब फाट्यावर बंद पडली होती, तिथून भर उन्हात चालत. ओसरीवर टेकल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी पाणी मागितलं. गावची टाकी त्या दिवशी कोरडी होती. घरात पाणी होतं ते त्या माठातलं.

रेवण्णा माठाजवळ बराच वेळ उभा राहिला. त्या घरातून तहानलेलं माणूस कधी तसंच गेलं नव्हतं. इरव्वाने जाऊ दिलं नसतं. त्याने तांब्या भरून दिला. बाईंनी एका दमात संपवला. हनुवटीवरून दोन थेंब खाली पडले, त्यांवर त्याने पटकन तळवा ठेवला. मग तो उठला आणि बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली कनवटीला खोचून आला.

"बाई, म्हैनाभर हितंच राहायचं आता."

रेवण्णाच्या थट्टा बाईंना ठाऊक होत्या. किती दिवसांनी मूळपदावर आला, म्हणून त्यांना बरंच वाटलं. "आणि महिन्याने?" त्यांनी विचारलं.

"मग जावा की. तवर बाभळीकडं जायची वाट दावतो. दुसरीकडं कुठं जायचं न्हाई."

केतकीबाई खळखळून हसल्या. रेवण्णा त्यांच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला, निघालेल्या गाडीच्या खिडकीकडे बघावं तसा.

"हसू नका, बाई," तो हळूच म्हणाला. "चाललीय ती."