चित्रशाळेतले डावखुरे

"आणि आता नीट बघा," मैना म्हणाली आणि हातातली पट्टी तिने काचेपासून वीतभर दूर धरली. "या चित्रातल्या चित्रशाळेतला एकूणएक कलावंत डावखुरा आहे. कागद घोटणारा, रंग भरणारा, अक्षरं लिहिणारा, सगळ्यांची कामं डाव्या हातानं! कारण त्यांचे गुरू डावखुरे होते, आणि शिष्यांनी गुरूंचा हातसुद्धा उचलला."

संग्रहालयाच्या संचालकबाईंनी टाळ्या वाजवल्या. "काय नजर आहे हो तुमच्या लेकीची," त्या मामांना म्हणाल्या. मामांची छाती शर्टाची बटणं तुटतील एवढी फुगली.

मागे खांबाला टेकून उभ्या असलेल्या टिकलीच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ही नजर मैनेची नव्हतीच, तिची होती! परवा जेवताना तिनेच भाबडेपणानं मैनेला सांगितलं होतं, "अगं, त्या चित्रातले सगळे माझ्यासारखे आहेत." मैना तेव्हा नुसतं "हं" म्हणाली होती. आणि आज बघा! वर गुरूबिरूचं शेपूट स्वतःच्या मनानं जोडून मोकळी.

टिकली सुट्टीत मामाकडे आली होती. मामा संग्रहालयात मांडणीचं काम करायचे. चित्र कुठे टांगायचं, दिवा कुठून पाडायचा, सगळं त्यांच्या हातात. यंदा तिथे जगातल्या नामांकित कलाकृतींचं प्रदर्शन भरणार होतं. मूळ वस्तू कोण देणार? म्हणून त्यांचे मोठाले फोटो पारदर्शक फिल्मवर छापून आणले होते. फिल्म काचेला चिकटवायची, कडेनं लाकडी पट्टी मारायची आणि मागून ट्यूब लावायच्या. अंधाऱ्या दालनात एकेक चित्र असं काही उजळायचं की बघत राहावं.

टिकली तर बघतच राहायची. फेसाची बोटं पसरून होड्यांवर झेपावणारी जपानी लाट. ज्वाळांच्या कड्यात एक पाय उचलून नाचणारा नटराज. लांब मानेची इजिप्तची राणी, जिचा एक डोळा रिकामा असूनही ती रुबाबात कमी पडत नव्हती. आणि शेवटच्या पेटीत जुन्या इराणी पोथीतली ती चित्रशाळा. निळ्या कमानीखाली बसलेले कलावंत आणि वर एक ओळ त्यांच्या लिपीतली. टिकलीला शाळेत कायम टोकलं जायचं. कात्री उलटी धरतेस, बाकावर शेजारणीला कोपर मारतेस. इथे मात्र सगळी चित्रशाळाच तिच्या बाजूची होती. आणि आता तेही मैनेचं झालं.

उद्घाटनाला मुलांतर्फे माहिती सांगायला एकजण निवडायचं होतं, तेव्हा टिकलीनंही प्रयत्न केला होता. पण संचालकबाई समोर बसल्या आणि तिची दातखीळच बसली. मैनेनं मात्र घडाघडा म्हणून दाखवलं. मैनेचा आवाज गोड, मैनेचं अक्षर सुंदर, मैनेच्या वेण्यासुद्धा सारख्या लांबीच्या. नाकाला मिरच्या झोंबतील नाही तर काय!

"टिकलीताई, तू दात का खातेस?" कुणीतरी विचारलं. तो ढब्बू होता, मैनेचा धाकटा भाऊ.

"तुझ्या ताईला खात नाहीये, हे नशीब समज."

ढब्बू चित्रापुढे जाऊन उभा राहिला. त्याने डोकं एका बाजूला कलतं केलं. "बाबा आरशात दाढी करताना असेच दिसतात," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"आरशात बाबा डावखुरे होतात. बाहेर नसतात."

टिकली चित्राकडे बघत राहिली. तिच्या वर्गात डावखुरी ती आणि आणखी एक मुलगा, बस. आणि इथे अख्खी चित्रशाळा डावखुरी? 

"ढब्ब्या, भिंतीमागे जायचं का?"

हे विचारायची गरजच नव्हती. पेट्यांमागे ट्यूब बदलण्यासाठी एक अरुंद बोळ ठेवली होती, आणि तिथे मुलांनी जायचं नाही अशी सक्त ताकीद होती. म्हणजे ढब्बूला तिथे जायचंच होतं. मामा आणि संचालकबाई चहाला गेल्याबरोबर दोघं दार ढकलून आत शिरले.

आत उकडत होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ट्यूबची रांग, आणि मधून आडवं होऊनच सरकावं लागत होतं. प्रत्येक पेटीमागे उजेड सारखा पसरावा म्हणून पांढरं कापड ताणलं होतं. टिकलीनं पहिल्या पेटीचं कापड हळूच बाजूला केलं. मागून लाट दिसली. फिल्मच्या काठावर छापखान्याची बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे होते. पुढून ते लाकडी पट्टीखाली झाकले जात.

"वाच बरं."

"उलटे आहेत. आरशातल्यासारखे," ढब्बू म्हणाला.

बरोबर. मागून बघितल्यावर उलटेच दिसायला हवेत. नटराजामागे उलटे, राणीमागेही उलटे. दोघं घामाघूम होत शेवटच्या पेटीपाशी पोचले आणि टिकलीनं कापड सरकवलं.

ढब्बूनं आकडे घडाघडा वाचून काढले. इथे ते मागून सुलटे होते! म्हणजे फिल्मच काचेला उलटी चिकटवली होती. वरची लिपी कुणालाच येत नव्हती, म्हणून ती उलटी आहे हे कुणाच्या बापाला कळलं नव्हतं.

"बाबांनी घोटाळा केलाय," ढब्बू आनंदानं म्हणाला.

टिकलीचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. चित्र खरं कसं आहे ते ती पहिल्यांदाच बघत होती. पुढून तिला नेहमी वाटायचं की यात काहीतरी अडखळतंय. आता उजवीकडे वर गुरू बसला होता, आणि त्याच्या नजरेबरोबर आपली नजर एकेका शिष्यावरून उतरत उतरत थेट खाली डावीकडच्या कोऱ्या कागदावर येऊन थांबत होती. कुठेही अडत नव्हती. इतकं सुंदर होतं ते, की तिला रडू यायला लागलं. आणि सगळ्यांची हत्यारं उजव्या हातात होती. चित्रशाळा तिच्या बाजूची नव्हतीच.

बाहेर आल्यावर ढब्बू बाबांकडे पळणार तेवढ्यात टिकलीनं त्याची कॉलर धरली.

"आत्ता नाही सांगायचं."

"का?"

"मी सांगते म्हणून."

कारण तिच्या डोक्यात भलतंच शिजत होतं. उद्घाटनाला एक विदुषीबाई येणार होत्या. त्यांचं उभं आयुष्य इराणी चित्रांत गेलं होतं. ती लिपी त्या पेपरसारखी वाचायच्या. त्यांच्यासमोर मैना पट्टी रोखून म्हणणार, "सगळे कलावंत डावखुरे!" आणि मग जी शोभा होईल ती होईल. तेव्हा कुणी म्हणून दाखवावं, काय नजर आहे मैनेची! टिकलीला नुसत्या विचारानं गुदगुल्या झाल्या. टिकलीनं काही करायचंच नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं तर तिला छानच जमायचं.

रात्री मात्र तिला जेवण गेलं नाही. डोळे मिटले की ते चित्र दिसायचं, कुणीतरी उलटा सदरा घालून चारचौघांत उभं केल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांबरोबर तिघं संग्रहालयात आले. उद्घाटन संध्याकाळी होतं. मैना चित्रशाळेपुढे एकटीच उभी होती. टिकली दिसताच तिनं हळूच विचारलं, "टिकले, यात सुंदर काय आहे गं?"

"म्हणजे?"

"मला सगळं पाठ आहे. कुठल्या देशातलं, कशानं रंगवलेलं, सगळं. पण बघताना मला काही होतच नाही. तू त्या लाटेपुढे तोंड उघडं टाकून उभी राहतेस ना, तेव्हा मला तुझा इतका राग येतो." मैनेचा आवाज कापत होता. "म्हणून ते डावखुऱ्यांचं मी माझं म्हणून सांगितलं. एक तरी गोष्ट मला दिसली, असं वाटू दे लोकांना."

मैनेला तिचा हेवा वाटत होता! खरं सांगायचं तर टिकलीला आधी बरंच वाटलं. अगदी गार गार वाटलं. अजून थोडं बोलली असती तरी चाललं असतं. पण मैनेच्या मागे ते चित्र होतं, उलटंच्या उलटं. तिला ते बघवेना.

"ते चित्र उलटं लागलंय," ती म्हणाली.

मैनेचा चेहरा पांढराफटक पडला. टिकलीनं सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काल दुपारी."

"आणि तू गप्प बसलीस?"

"हो. तू माझी गोष्ट ढापलीस म्हणून."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणाला आधी रडू येतंय याची जणू चुरस लागली होती.

"तुमचं संपलं असेल तर बाबांना सांगायचं का?" ढब्बू म्हणाला.

मामा शिडीवर होते आणि त्यांच्या ओठांत चार खिळे होते. त्यांनी अर्धंच ऐकून घेतलं. "फिल्म कुठल्या कुठून छापून आलीय, ठाऊक आहे का? एवढे मोठे लोक चुकतील?"

"ते नाही चुकले मामा," टिकली म्हणाली. "फिल्म तुम्ही—"

"मी? केस पांढरे झाले माझे या कामात! पळा इथून. पाहुणे यायची वेळ झाली आणि यांना खेळ सुचतायत."

तिघं कोपऱ्यात जाऊन बसली. मैनेनं नखं खायला घेतली. टिकलीला काही सुचेना. ढब्बू मात्र उठला, शर्ट नीट केला आणि गंभीर चेहऱ्यानं शिडीपाशी गेला.

"बाबा, चित्रशाळेमागची ट्यूब फडफडतेय."

मामा शिडीवरून जवळजवळ पडलेच. खिळे खिशात टाकून ते बोळीत घुसले. मामांचं पोट तसं प्रशस्त. "आयला," "अरे देवा," असे उद्गार भिंतीमागून पुढे पुढे सरकत गेले आणि शेवटच्या पेटीपाशी थांबले. 

"ढब्ब्या," भिंत शेवटी बोलली, "ट्यूबला काहीही झालेलं नाही."

"हो बाबा."

"स्क्रू ड्रायव्हर आण. आणि तुझ्या मांजरपावलांच्या बहिणींना म्हणावं, पट्ट्या धरायला या."

फिल्म सोडवताना मामा मान खाली घालून बोलत होते. "ही शेवटची पेटी. पोटात कावळे ओरडत होते. बाकीच्या सगळ्या कडेची अक्षरं बघून लावल्या, हीच तशी दाबली. वरची लिपी आपल्याला वाचता येत नाही, मग सुलट काय नि उलट काय, असं झालं." चौघांनी मिळून फिल्म फिरवली, काच पुसली आणि पट्ट्या पुन्हा मारल्या. शेवटचा स्क्रू बसला तेव्हा दारात गाड्या लागत होत्या.

संध्याकाळी दालन भरून गेलं. मैनेनं लाट सांगितली, नटराज सांगितला, राणी सांगितली. एकही शब्द चुकला नाही. चित्रशाळेपुढे मात्र ती थांबली. "हे चित्र आज दुपारपर्यंत उलटं होतं," ती म्हणाली. "हे सगळे डावखुरे आहेत, असं मी काल सरावात सांगितलं. ते माझं नव्हतं. माझ्या आतेबहिणीच्या लक्षात आलं होतं, आणि चूकही तिनेच शोधली. ते तीच सांगेल."

टिकली पुढे आली. चित्राकडे बघूनच बोलायचं असल्यामुळे माणसं दिसत नव्हती. बोळ, आकडे, आणि नजर कशी वरून खाली कोऱ्या कागदावर उतरते, सगळं तिनं सांगितलं. विदुषीबाई काठी टेकत पुढे आल्या, वरची ओळ वाचली आणि हसल्या. "बरोबर आहे. हे चित्र असंच, त्यांच्या लिपीसारखं उजवीकडून आत शिरायचं. मुली, हे मला कळायला फार वर्षं लागली." संचालकबाई संकोचून मामांकडे बघत होत्या. मामांनी सगळ्यांदेखत टिकलीच्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी होती, बाई. पोरांनी अब्रू राखली."

लोक टाळ्या वाजवत होते. टिकलीला त्या नीट ऐकूही आल्या नाहीत. तिला चित्रात काहीतरी दिसलं होतं. खालच्या कोपऱ्यात, रंगाच्या घड्याआड एक पोर गुडघ्यावर पाटी घेऊन बसलं होतं. निम्मं झाकलेलं, कुणाच्या खिजगणतीत नसलेलं. आजवर तिनंही त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण उलट्या चित्रात ते इतर जगासारखंच होतं. आता सगळी चित्रशाळा उजव्या हातानं काम करत होती आणि ते एकटं डाव्या हातानं रेघोट्या ओढत होतं. कुण्या चित्रकारानं कधीतरी मुद्दाम त्याला तिथे बसवलं होतं.

"काय दिसलं?" मैनेनं कानाशी येऊन विचारलं.

हे मात्र हिला सांगायचं नाही, टिकलीनं मनात म्हटलं. हे माझं आहे. मैना तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.

"तूच शोध," टिकली म्हणाली, आणि काचेसमोरची आपली जागा तिला देऊन बाजूला सरकली.